पायाळूची पाठ

मी जन्मले तीच पाय पुढं करून. लेकरानं डोक्याच्या बाजूनं यायचं ही जगाची रीत. माझे आधी पाय आले, मग बाकीची मी. आई म्हणायची, "पोटातच तुला घाई. कुठं पळून चालली होतीस की काय!" अशा माणसाला आमच्याकडं पायाळू म्हणतात आणि पायाळूच्या पायात गुण असतो असं सगळे धरून चालतात. कोणाच्या कंबरेत उसण भरली, पाठीत चमक निघाली, की पायाळूनं त्या जागी लाथ मारायची. दुखणं उतरतं म्हणे.

त्यामुळं माझं लहानपण लोकांच्या पाठीवर गेलं. जेवायला बसावं तर दारात कोणीतरी वाकडा होऊन उभा. "ए पोरी, पाय लाव गं जरा." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मोठ्या माणसाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करायचा अशी घरची शिकवण, आणि इथं तर चांगली लाथच घालायची! मग मी आपला पाय नुसता टेकवायची, हळूच, आणि लगेच वाकून नमस्कार करायची. माणूस ओरडायचा, "जोरानं मार की! जेवली न्हाईस काय?" मी काही जोर लावायची नाही. तरी त्यातले कितीतरी जण उठून ताठ उभे राहायचे आणि "उतरली बघ" म्हणून चालायला लागायचे. खरंच उतरायची की पोरीचं मन मोडू नये म्हणून म्हणायचे, ते त्यांनाच माहीत.

या मानाचा एक तोटाही होता. पायाळूवर वीज पडते म्हणतात. आभाळ गुरगुरलं की गावातली सगळी पोरं बाहेर, आणि मला आई दंडाला धरून घरात ओढायची. मी खिडकीतून बघत बसायची आणि आईला मनातल्या मनात शिव्या घालायची.

लग्न होऊन जवळा बाजार गावाच्या बाजूला आले. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. आम्ही विहारात जाणारी माणसं, अंगारे-धुपारे, गंडे-दोरे घरात चालत नाहीत. शेजारणीची कंबर धरली आणि ती मला शोधत आली, तेव्हा गुरुजींनी मला समोर बसवून चांगलं व्याख्यान दिलं. हे थोतांड आहे, शिकल्या-सवरल्या घरात शोभत नाही, उद्यापासून बंद. मी म्हटलं, बरं. मग एका सकाळी पाण्याची टाकी सरकवताना त्यांचीच कंबर धरली. खाटेवर पडून कण्हत होते. डॉक्टरची गोळी झाली, मलम झालं. शेवटी दाराकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "ऐकलं का, जरा दार लोटून घे. आन... पाय लाव." मी इतकी हसले की पाय लावायला उभंही राहता येईना. त्यानंतर व्याख्यान काही झालं नाही.

माझं स्वतःचं दुखणं कधी सुरू झालं ते सांगता येत नाही. मी घरीच शिलाई मशीन चालवायची. ब्लाउज, शाळेचे ड्रेस, लग्नसराईत तर मान वर करायला सवड नाही. वाकून वाकून कंबरेत आधी नुसतं जड वाटायचं. मग सकाळी उठताना कळ यायची. मग बसलं की, उभं राहिलं की, पडलं तरी. येऊन-जाऊन असतं तर पाहुणा म्हटलं असतं. हे दुखणं घरजावई निघालं. फोटो काढला, डॉक्टर म्हणाले मणक्याची झीज आहे, ऑपरेशनची काही गरज नाही, जपून राहा. जपून म्हणजे कसं, ते कोणी सांगितलं नाही. आमच्याकडं सुई टोचल्याशिवाय डॉक्टर हा डॉक्टर वाटत नाही, म्हणून मी हट्टानं सुया घेतल्या. सलाईन लावून घेतली. गोळ्यांनी पोटात आग पडायला लागली. एका म्हातारीनं बिब्बा घालून दिला तर पाठीवर हे एवढाले फोड आले, दुखणं होतं तिथंच. वर गावाची मस्करी वेगळीच. "लोकाला पाय लावती, हिच्या पाठीला कोण लावावं?" विहारात सगळे खाली मांडी घालून बसायचे आणि मी मागं प्लास्टिकच्या खुर्चीवर. लाज वाटायची मला त्या खुर्चीची.

अशात लेकीला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही नव्यानं सांगायला नको. पण मला बाळंतपणाहून जास्त एका गोष्टीचं वेड होतं. आमच्यात लेकराला आईची आई पायावर घेते. पाटावर बसायचं, पाय सरळ लांब करायचे, दोन्ही नडग्यांच्या मधल्या खोलगट जागेत लेकरू ठेवायचं, तेल चोळायचं, ऊन पाणी घालायचं. माझ्या लेकीला माझ्या आईनं असंच न्हाऊ घातलं होतं. मी खाटेवरून बघायची आणि मनात म्हणायची, एक दिवस मी पण. जन्मभर या पायांनी लोकांच्या पाठी शिवल्या. आता त्यांच्यावर माझं नातवंड निजावं, एवढीच इच्छा. आणि मला तर खाली बसताच येत नव्हतं. पाय लांब करून बसले की कंबरेतून पोटरीपर्यंत कोणीतरी तार ओढल्यासारखं व्हायचं.

लेक भेटायला आली तेव्हा मी मशीनला धरून उठले. तिनं बघितलं. हिंगोलीला सासरी गेल्यावर तिचा फोन आला. "आई, सासूबाई म्हणून राहिल्यात की बाळंतपण इथंच करू. दवाखाना जवळ आहे. तुला बी तकलीफ न्हाई." मी म्हटलं, "बराबर आहे." फोन ठेवला आणि मग भिंतीला म्हटलं, "मला तकलीफ न्हाई म्हणे! मला लेकरू पाहिजे!" आणि पदर तोंडाला लावून रडले. गुरुजी ओट्यावर पेपर वाचत बसले होते. पेपरचं पान त्यांनी बराच वेळ उलटलं नाही.

आता अक्कल गहाण ठेवायची वेळ आली की माणूस कसा घाईनं ठेवतो बघा. बाजारात एक बाई म्हणाली, डोंगरकडा म्हणून गाव आहे, तिथं एक पायाळू बाबा आहे, त्याच्या पायाला लई गुण. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. माझा पाय माझ्या पाठीला पोचत नाही, पण दुसऱ्या पायाळूचा तर पोचेल! थोतांड, थोतांड म्हणणाऱ्या घरातली बाई मी, पण गरज पडली की थोतांडालाही पाय फुटतात. गुरुजींना सांगितलं, ब्लाउजाचं अस्तर आणायला जाते. आणि एसटीत बसून डोंगरकड्याला गेले.

बाबा चांगला धिप्पाड गडी होता, मिशा पांढऱ्या. मीही पायाळू आहे म्हटल्यावर त्याला कोण आनंद! "म्हंजी आपल्याच बिरादरीच्या तुमी!" चहा पाजला. मग म्हणाला, "पण ताई, पायाळूला पायाळूचा गुण सहजासहजी येत न्हाई. जरा जोर लावावा लागंल." मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. त्यानं जोर लावला.

डोळ्यांपुढं काजवे चमकले. तोंडातून आवाजसुद्धा निघाला नाही. येताना गाडी अर्धी रिकामी होती, तरी मी दांड्याला धरून उभीच आले, कारण बसणं शक्य नव्हतं. घरी पोचले तेव्हा गुरुजी दारातच. माझी चाल त्यांनी खालपासून वरपर्यंत बघितली आणि विचारलं, "अस्तर मिळालं का?"

पुढचे कितीतरी दिवस मी खाटेला खिळले. बातमी कुठली लपते? हिंगोलीपर्यंत गेली. ईनबाईंचा, म्हणजे लेकीच्या सासूचा, फोन आला. बोलायला त्या गोडच, पण पक्कं बोलल्या. "ईनबाई, तुमी आता आराम करा. बाळंतपणाचं आमी बघतो." काय तोंडानं नाही म्हणणार होते मी?

गुरुजींनीच मग कोणाकोणाला विचारून हिंगोलीतल्या एका फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाईचा पत्ता काढला. मी म्हटलं, आता अजून कोणाकडून लाथ खायची राहिली आहे? तरी गेले. वयानं माझ्या लेकीएवढी पोरगी. पाठ तपासली, वाकायला लावलं, फोटो बघितला. मग तिनं एक गोष्ट विचारली जी तोवर कोणीच विचारली नव्हती. "मावशी, दुखण्यामुळं काय करता येत नाही, ज्याचं तुम्हाला सगळ्यात वाईट वाटतं?"

मी माझ्या पायांकडं बघितलं. म्हटलं, "लेकरू पायावर घ्यायचंय."

ती हसली नाही. म्हणाली, "दुखणं सगळं जाईल असं मी सांगणार नाही, ते खोटं होईल. पण लेकरू पायावर घेण्यापुरती पाठ तयार करून बघू. फक्त जोर लावायचा नाही." मग तिनं मला गादीवर निजवलं. गुडघे दुमडा, श्वास सोडत कंबर हळूच गादीला टेकवा, सोडून द्या. गुडघे एका अंगाला झुकवा, दुसऱ्या अंगाला. रोज थोडं चाला. गरम पाण्याची पिशवी ठेवा. आणि मशीनवर दुखेपर्यंत बसू नका, दुखायच्या आत उठा.

"आन सुई?"

"सुई नाही."

"मग गोळी?"

"फार दुखलं तर, तुमच्या डॉक्टरांना विचारून."

"मग इलाज कुठाय, बाई?"

"हाच," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर मी गुरुजींचं डोकं खाल्लं. एवढ्या लांब येऊन काय शिकवलं, तर श्वास घ्यायला! श्वास काय आमी आतापर्यंत शेजाऱ्याकडून मागून आणत होतो? गुरुजी म्हणाले, "विहारात बी तेच शिकवतात. तिथं तुझं लक्ष असतं कुठं?" हे मात्र खरं होतं. भंतेजी श्वासाकडं बघा म्हणायचे आणि मी शेजारणीच्या ब्लाउजाच्या शिवणीकडं बघायची.

पण ईनबाईंचा तो फोन कानात होता. म्हणून सुरू केलं, आणि सुरू केलं ते माझ्या पद्धतीनं. तिनं थोडं सांगितलं तर मी दुप्पट केलं, लवकर गुण यावा म्हणून, दात-ओठ खाऊन. परत कंबर धरली. डॉक्टरीणबाईला फोन लावला तर ती म्हणाली, "मावशी, जाळ वाढवला म्हणून भाकरी लवकर भाजत नाही, करपते." मी फोन ठेवून चरफडत बसले. तेव्हा गुरुजी म्हणाले, "लोकाच्या पाठीला तू इतका मऊ पाय लावायचीस की ते म्हणायचे, जेवली न्हाईस काय. आन स्वतःच्याच पाठीशी काहून वैर धरलंस?"

एरवी मी उलट उत्तर दिल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी उठून गरम पाण्याची पिशवी भरून आणली.

मग हळू घेतलं. सगळ्यात अवघड काय असेल तर दुखायच्या आत उठणं. काम संपल्यावर उठायचं, हेच आम्हा बायकांना शिकवलेलं. अर्धी बाही मशीनला लोंबती ठेवून उठायचं म्हणजे जिवावर यायचं. गिऱ्हाईक बाया कुरकुरल्या, "लई निवांत झाल्यात ताई." झाले बाई निवांत! संध्याकाळी गुरुजींबरोबर शिवाराच्या वाटेनं चालायला जायचे. गाव बघायचं, "गुरुजी बायकोला फिरवून राहिले!" गुरुजींचे कान लाल व्हायचे, पण ते थांबले नाहीत. काही दिवस बरे जायचे. काही दिवस उगाचच वाईट, ना वाकलं ना उचललं, तरी सकाळपासून ठणका. अशा दिवशी रडूही यायचं. तेव्हा फक्त पिशवीचा शेक घ्यायचा, पडल्या पडल्या श्वास बघायचा आणि उद्याची वाट बघायची. दुखणं गेलं नव्हतं. पण त्याची भीती कमी झाली होती, आणि भीती कमी झाली की पाठही जरा सैल सुटायची, हे मला कळायला लागलं होतं.

बसायचा सराव पण डॉक्टरीणबाईनंच सांगितला. पाठ भिंतीला टेकवायची, पाटावर गोधडीची घडी, गुडघ्यांखाली चादरीची वळकटी. पाय अगदी सरळ नसले तरी चालतं म्हणाली, लेकराला काय कळतंय! मग मी एक उद्योग केला. उरलेल्या अस्तराची एक बाहुली शिवली, हातपाय डोकं सगळं, आणि तिच्यात घरचं सोयाबीन भरलं. तान्ह्या लेकराएवढं वजन येईपर्यंत भरलं. ती पायावर घ्यायची, पालथी करायची, थोपटायची, आणि दुखायच्या आत उठायचं. गुरुजी येता-जाता विचारायचे, "नाव काय ठेवायचं गं हिचं?"

एक दिवस दुपारी मी अशीच बसले होते. सोयाबीनच्या लेकराशी बोलत होते म्हटलं तरी चालेल. दारात सावली पडली. वर बघते तर ईनबाई, आणि मागं पोटाला हात लावून माझी लेक. न सांगता आलेल्या.

"ईनबाई, हे काय करून राहिल्या?"

धरणी दुभंगावी असं झालं. म्हटलं, "सराव."

लेक आधी खळखळून हसली आणि मग तिचे डोळे भरले. ईनबाई आत येऊन टेकल्या. चहा घेतला, इकडचं तिकडचं झालं. मी आपली मनात म्हणत होते, झालं, आता सगळ्या हिंगोलीत हसं. लेक शेजारी गेली तशा ईनबाई उठल्या आणि दार लोटून घेतलं. माझ्याजवळ येऊन बारीक आवाजात म्हणाल्या, "ईनबाई, माझी बी कंबर लई दिवसापासून तकलीफ देऊन राहिली. घरात कोणाला सांगितलं न्हाई. तुमच्या पायाला गुण आहे म्हणतात. जरा लावता का?"

मला हसू आवरेना. "ईनबाईला लाथ मारू? अवं, जग काय म्हणंल!"

मग गोधडी अंथरली. त्यांना म्हटलं, निजा. गुडघे दुमडा. श्वास सोडत कंबर टेकवा, हळूच.

"लाथ न्हाई?"

"न्हाई."

"मग गुण कसा यायचा, बाई?"

"मी बी हेच विचारलं होतं," म्हटलं, आणि त्यांच्या शेजारी निजले. दोघी वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघत गुडघे इकडून तिकडं झुकवत होतो. लेक परत आली ती दारातच थबकली. तिच्या दोन्ही आया जमिनीवर निजून कंबरा हलवताहेत, तिनं काय समजावं?

जाताना ईनबाई चप्पल घालता घालता म्हणाल्या, "दवाखाना हिंगोलीचाच बरा. पण तिथून लेकरू सरळ इकडंच आणा. पयलं बाळंतपण हाय, माहेरीच व्हावं." मी मान हलवली. 

मुलगी झाली. नाळ पडल्यावर मी तिला पहिल्यांदा पायावर घेतलं त्या दिवशी ईनबाई मुद्दाम आल्या होत्या. पाट, गोधडी, वळकटी, भिंत, सगळं जागच्या जागी. लेकीनं तिला माझ्या नडग्यांवर ठेवलं. सोयाबीन कधी रडलं नव्हतं. हिनं ठणाणा सुरू केला, मूठ आवळली, ऊबदार, इवलीशी, आणि माझ्या आईची आठवण येऊन मला समोरचं दिसेना. तेल चोळलं. छाती, पोट, मांड्या. पालथी केली, पाठीच्या मणक्यावरून बोट फिरवलं, एकेक मणका मोत्याएवढा. आणि तेवढ्यात माझ्या मणक्यानं आपली हजेरी लावली.

पूर्वीची मी असते तर ओठ चावून बसून राहिले असते. आजचा दिवस निभावला असता आणि पुढचा महिना खाटेवर काढला असता. मी म्हटलं, "ईनबाई, धरा."

खोलीतल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मधूनच उठते म्हणजे काय! एक म्हातारी तर म्हणालीच, "अवं, आज्जीनं अर्ध्यात सोडावं व्हय?" ईनबाईंनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. शेजारी दुसरा पाट ओढला, पाय लांब केले आणि लेकरू आपल्या पायावर घेतलं. मी भिंतीला धरून उठले. अंगणात एक चक्कर मारली, श्वास सोडला, कंबर सैल होऊ दिली. परत येऊन बसले तोवर त्यांनी पाणी घालत आणलं होतं. शेवटचा तांब्या त्यांनी माझ्यासाठी ठेवला होता. नात परत माझ्या पायावर आली, मी तांब्या ओतला आणि ती एकदम गप्प झाली.

आता ती चालते. सकाळी मी पालथी पडून व्यायाम करत असते तेव्हा दुडूदुडू येते आणि माझ्या अंगावर चढायला बघते. ती पायाळू नाही, सगळ्या जगासारखी डोक्यानंच आली. परवा गुरुजींचं बोट धरून ती माझ्या कंबरेवर उभीच राहिली. बरोबर जिथं दुखतं तिथं. गरम, छोटे, जरासे ओले तळवे. गुरुजी म्हणाले, "घे, लागला बघ तुझ्या पाठीला पाय."

दुखायच्या आत तिला उतरवायचं, हे मला चांगलं माहीत होतं. मी जरा उशीर केला.